प्रॅचेटचा डेथ मराठीत 'आपण' म्हणतो

काल एका ग्रुपवर परत तोच वाद. फँटसी म्हणजे पळवाट, जादू-बिदू, ड्रॅगन वगैरे, वय वाढलं की माणसाने जरा सिरीयस वाचावं. मी मोठ्ठं उत्तर टाइप केलं, डिलीट केलं, परत टाइप केलं, मग म्हटलं जाऊ दे, आपल्या वॉलवरच लिहू, इथे निदान भांडायला येणारे ओळखीचे तरी असतील.

तर टेरी प्रॅचेट. इंग्लंडचा माणूस, जन्म 1948 चा, त्याच्या डिस्कवर्ल्ड या फँटसी मालिकेतली पहिली कादंबरी 1983 ला आली आणि शेवटची तो गेल्यावर 2015 मध्ये, सगळी मिळून 41. ताटासारखं सपाट जग, ते चार हत्तींच्या पाठीवर, हत्ती एका अवाढव्य कासवावर आणि कासव आपलं अंतराळात पोहत चाललंय. माझी बरीचशी पुस्तकं फुटपाथवरून घेतलेली, पिवळी पडलेली, एकातून तर आख्खा सोळा पानांचा फर्मा गायब आहे आणि त्या सोळा पानांत काय झालं हे मला वर्षभर माहीत नव्हतं. पण शेजारी बसून ज्याच्याशी यावर बोलावं असं कोणी नव्हतं. नवरा ऐकतो, पण मोबाईलकडे बघत ऐकतो.

मग मागच्या श्रावणात आईला सांगायला लागले. आई 74 वर्षांची, इंग्रजी कादंबरी कधी हातात धरलेली नाही. आम्ही वाल सोलत बसलो होतो. ज्यांनी मोड आलेले वाल सोललेत त्यांना माहितीये, अर्धा किलो म्हणजे दीड तास जातो, डाळिंबी सुटकन उडून कपाटाखाली जाते आणि बोटांना तो वास राहतो. तेवढ्या वेळात काय बोलणार, तर कासव सांगितलं.

आई म्हणाली, "मग यात नवीन काय? आपल्याकडे आठ दिग्गज आहेत, कासव आहे. चारच हत्ती ठेवले होय त्याने?" मी म्हटलं अगं, पाचवा होता असं म्हणतात, तो घसरून पडला. तर हातातला वाल तसाच धरून माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "पडला म्हणजे? कुठे पडला?"

तिथे ती अडकली. मग मी रोज सांगायला लागले.

सगळं तिला आवडलं असं अजिबात नाही हं. तो पळपुटा जादूगार रिन्सविंड तिला बावळट वाटला, "याला सोड, पुढे चल" म्हणाली. (इथे मी तिच्या बाजूने आहे. पहिल्या पुस्तकापासून सुरू करा म्हणणाऱ्या फॅन्सनी कितीतरी वाचक घालवलेत, माझं ठाम मत. पोलीस चौकीवाल्या गोष्टींपासून सुरू करा नाहीतर डेथच्या, म्हणजे मृत्यूच्या, गोष्टींपासून.) चौकीचा कॅप्टन व्हाइम्स सुरुवातीला गटारात पिऊन पडलेला असतो हे ऐकल्यावर "दारुडा असेल तर मला नको" असं सरळ सांगितलंन. मी म्हटलं थांब जरा, सोडतो तो पुढे. प्रॅचेट पूर्णवेळ लेखक व्हायच्या आधी पत्रकार होता, मग वीज मंडळात प्रेस ऑफिसर, तेही अणुवीज केंद्रांच्या बाजूला, हे कळल्यावर मात्र त्याचा भाव एकदम वाढला, कारण बाबा वीज मंडळातले.

आणि मग बुटांची गोष्ट आली. व्हाइम्सला महिना 38 डॉलर पगार. चांगले चामड्याचे बूट 50 डॉलरला, ते दहा वर्षं टिकतात. पण एकदम 50 कुठून आणणार, म्हणून तो 10 डॉलरचे घेतो, ते एक-दोन सीझनमध्ये फाटतात, परत घ्या. दहा वर्षांत गरिबाचे 100 डॉलर जातात आणि पाय ओलेच. इतकं साधं गणित. 2022 ला ब्रिटनमध्ये महागाई सगळ्यात गरीब घरांना नेमकी किती लागते हे मोजायला खाद्यलेखक जॅक मनरो यांनी जो इंडेक्स जाहीर केला त्याला व्हाइम्सच्या बुटांचंच नाव दिलं.

आई थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तुमच्या लहानपणी मी वाण्याकडून पाव पाव किलो सुटं तेल आणायचे. पंधरा किलोचा डबा स्वस्त पडतो हे काय मला कळत नव्हतं? तुझी आत्या दर वेळी सांगायची, वहिनी डबा घ्या, डबा घ्या. डब्याचे पैसे एका वेळी हातात असायला नकोत?" हे तिने मला आयुष्यात कधी सांगितलं नव्हतं. कितीतरी वास्तववादी, ग्रामीण, शहरी, पुरस्कारवाल्या कादंबऱ्या आमच्या घरात आल्या आणि गेल्या, पण सुट्या तेलाचा विषय निघाला तो ड्रॅगनवाल्या शहरातल्या एका पोलिसामुळे. पळवाट म्हणे.

आता डेथ. मृत्यू हे तिथे पात्र आहे, हाडांचा सापळा, पांढरा घोडा आणि घोड्याचं नाव बिंकी. मांजरं आवडतात, करी आवडते. तो नेहमी कॅपिटल अक्षरांत बोलतो, अवतरण चिन्हं नाहीत, आवाज थेट डोक्यात. मी सांगताना इथेच अडायचे, कारण आपल्या देवनागरीत कॅपिटल नाहीतच. आवाज जाड करून बघितला तर आई म्हणाली गणपतीतल्या नाटकातला राक्षस वाटतो. मग तिनेच सांगितलं, "ओरडेल कशाला? ज्याला उशीर होतच नाही तो माणूस कशाला ओरडेल? तो सगळ्यांना आपण म्हणेल. आपण चलावं. आपलं झालेलं आहे."

आणि तो बसला ना एकदम! राजा असो, चोर असो, म्हातारी असो, सगळ्यांना आपण. आता मला इंग्रजीत वाचतानाही तसाच ऐकू येतो.

प्रॅचेटला अल्झायमरचा एक दुर्मिळ प्रकार झाला होता, 2007 मध्ये त्याने स्वतः जाहीर केलं. टाइप करणं जमेना तेव्हा डिक्टेट करून पुस्तकं लिहिली. 12 मार्च 2015 ला गेला. त्या दिवशी त्याच्या ट्विटर अकाउंटवर डेथच्या आवाजात कॅपिटलमध्ये पहिली ओळ आली, की अखेर सर टेरी, आता बरोबर चालायला हवं. मी ऑफिसच्या कँटीनमध्ये वाचलं आणि ताट तसंच ठेवून उठले. आईला हे सांगताना मराठीत बोलून गेले, "सर टेरी, आता आपण निघू या," आणि माझं मलाच लक्षात आलं की यातला आपण म्हणजे आदराने तुम्ही पण आणि तुम्ही-मी दोघं पण. इंग्रजीत ही सोय नाही. कोणी मराठी अनुवाद करत असेल तर ही आयडिया फुकट घ्या, फक्त आईचं नाव टाका.

तो गेल्यावर त्याच्या इच्छेप्रमाणे 2017 मध्ये त्याची हार्ड ड्राइव्ह, अपुऱ्या कादंबऱ्यांसकट, रोड रोलरखाली घालून चिरडली. वाफेवरचा जुना रोलर. मला अजून हळहळ वाटते, एक तरी प्रकरण ठेवायचं होतं. आईचं मत: "बरोबर केलं. अर्धी भाजी कोणी पानात वाढतं का?"

दुसरीकडे फॅन्सनी वेबसाइट्सच्या हेडरमध्ये, जिथे कोणी बघत नाही, तिथे त्याचं नाव टाकून ठेवलंय. त्याच्याच एका कादंबरीत सिग्नलच्या टॉवरवरचे लोक मेलेल्या सोबत्याचं नाव एका टॉवरवरून दुसऱ्यावर फिरवत ठेवतात, एका टोकाला पोचलं की परत उलटं, थांबवायचं नाही. तसं. आई म्हणाली म्हणजे नामस्मरण. मी म्हटलं जवळपास.

तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून दोन महिने गोष्ट बंद होती. आज सकाळी फोन आला, दोन मिनिटं इकडचं तिकडचं आणि मग, "वाल भिजत घातलेत. परवा मोड येतील. त्या व्हाइम्सने सोडली का दारू?"