‘पहिली चुकली तरी आणखी चार आहेत’ म्हणणाऱ्यांना

परवा रात्री भाच्याने एक मेसेज पाठवला आणि खाली विचारलं, “मामा, मग हीच घेऊ ना?” तो दोन वर्षांपूर्वी इथे कोलोरॅडोत, डेन्व्हरला आला. यंदा पहिल्यांदाच त्याला एल्कच्या, म्हणजे इथल्या मोठ्या हरणाच्या, शिकारीचं लायसन्स मिळालंय. मेसेज मराठीत आहे आणि इथल्या तीन ग्रुपांवर मी तो आधीच पाहिला होता. म्हणणं असं: मोठ्या शिकारीसाठी नवख्याने हलकी सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे दर बारानंतर आपोआप भरणारी, रायफलच घ्यावी. वजन कमी, म्हणून डोंगरात दम लागत नाही. बार उडाल्यावर खांद्याला बसणारा धक्का यंत्रणाच गिळते. .२२३ या छोट्या काडतुसाची एआर-१५ ही सेमी-ऑटो एल्कलाही पुरते. बोल्ट-अ‍ॅक्शन, म्हणजे दर बारानंतर हाताने खटका ओढून भरायची रायफल, आजोबांच्या काळातली. आणि “पहिली चुकली तरी दोन सेकंदांत आणखी चार आहेत, टेन्शन कशाला?”

या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करतो, कारण ते वाचून माझं डोकं फिरलं.

एल्कचा पूर्ण वाढलेला नर तीनशे किलोंच्या वर जातो. खांद्यामागे, फुप्फुसांत नीट गोळी बसली तर तो फार लांब जात नाही. तशी गोळी मारण्याची वेळ एकच असते: जनावर आडवं उभं आहे, शांत आहे, त्याला तुमचा पत्ता नाही. पहिला बार झाला की ती वेळ गेली. त्यानंतर जनावर झाडांमधून पळत असतं आणि उरलेल्या चार गोळ्या पोटात, मांडीत, जबड्यात, कुठेही लागतात. मागच्या उतारावर कोण माणूस आहे, हे त्या दोन सेकंदांत कुणी पाहत नाही.

सहा वर्षांपूर्वी ऑक्टोबरात, मीकरच्या पूर्वेला फ्लॅट टॉप्समध्ये, माझ्या सोबत्याने असेच चार बार काढले. पहिला चुकला. पळत्या नरावर काढलेल्या तिघांपैकी एक पोटात बसला. अंधार पडेपर्यंत आम्ही बर्फावरचं रक्त शोधत फिरलो. दुसऱ्या दिवशी दुपारी तो सापडला, ओंडक्यांच्या आडोशाला बसलेला, जिवंत. आम्हाला पाहून त्याने मान वर केली. तो अख्खी रात्र आणि अर्धा दिवस तसाच होता. “टेन्शन कशाला” लिहिणाऱ्याने ती मान पाहायला हवी होती.

आणखी एक गोष्ट मेसेजात नाहीच. सेमी-ऑटोमध्ये बार झाला की पुढचं काडतूस आपोआप चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या खोबणीत, येतं आणि चाप अडवणारी सेफ्टी उघडीच असते. नवखा माणूस पहिल्या शिकारीच्या आनंदात तशीच रायफल घेऊन पडलेल्या झाडांवरून धावत सुटतो. बोल्ट-अ‍ॅक्शनमध्ये बोल्ट हाताने ओढल्याशिवाय आत फक्त रिकामी पुंगळी असते. शिकणाऱ्याला हा फरक फार मोठा आहे. जर्मनीच्या शिकार कायद्यात सेमी-ऑटोमध्ये एकूण तीनच काडतुसं चालतात. चार-पाच बारांची चैन त्यांनी आधीच नाकारलीय.

आता .२२३. इथे वादाला जागाच नाही. कोलोरॅडो पार्क्स अँड वाइल्डलाइफ या राज्याच्या वन्यजीव खात्याचं मोठ्या शिकारीचं नियमपुस्तक फुकट मिळतं. त्यात लिहिलंय: रायफलीचं कॅलिबर, म्हणजे गोळीची इंचांतली जाडी, किमान .२४ हवं, नळी किमान १६ इंच, हरणासाठी गोळी किमान ७० ग्रेन वजनाची, एल्क आणि मूससाठी ८५ ग्रेनची, आणि १०० यार्डांवर किमान १,००० फूट-पाउंड ऊर्जा. सेमी-ऑटो असेल तर मॅगझिन आणि चेंबर मिळून सहाच काडतुसं. .२२३ ची गोळी .२२४ इंचाची असते, म्हणजे पहिल्याच अटीत बाद. एल्क सोडा, इथे हरणालाही ती चालत नाही. इतर काही राज्यांत हरणासाठी चालते, पण मेसेज कोलोरॅडोच्या ग्रुपांवर फिरतोय. वाचून एखाद्या पोराने खरंच तशी शिकार केली, तर दंड तो भरणार, लिहिणारा नाही.

धक्क्याचं म्हणणं अर्धं खरं आहे, एवढं मान्य करतो. बाराच्या गॅसवर चालणाऱ्या सेमी-ऑटो यंत्रणेत धक्का जरा लांबतो आणि खांद्याला मऊ लागतो. पण त्याच मेसेजात “हलकी घ्या” असंही आहे. तेच काडतूस आठ पाउंडांऐवजी साडेसहा पाउंडांच्या रायफलीतून उडवलं, तर धक्क्याची ऊर्जा सुमारे २३ टक्क्यांनी वाढते. एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने काढून घेतलं. शिवाय दहा हजार फूट उंचीवर धापा टाकत असताना हलकी नळी जास्त डुलते.

वजन डोंगरात जाणवतं, हेही खरं. पण ज्याला खरोखर हलकी हवी त्याने बोल्ट-अ‍ॅक्शनकडेच जावं. गॅसचा पिस्टन, स्प्रिंगा, जड बोल्ट कॅरियर हे सगळं वजनच आहे. टिक्का टी३एक्स लाइटसारखी बोल्ट-अ‍ॅक्शन स्कोपशिवाय साडेसहा पाउंडांच्या आसपास भरते; .३०-०६ काडतुसाची ब्राउनिंग बीएआर ही सेमी-ऑटो साधारण सातच्या पुढे जाते. बीएआर उत्तम रायफल आहे, १९६७ पासून लोक तिने शिकार करतायत. मुरलेल्या हाताने ती जरूर वापरावी.

आजोबांच्या काळातली? माउझरची प्रसिद्ध बोल्ट-अ‍ॅक्शन १८९८ ची. रेमिंग्टनची मॉडेल ८, शिकारीची सेमी-ऑटो, १९०६ ची. दोघींत आठ वर्षांचं अंतर आहे.

भाच्याला सांगितलं, अजून काही विकत घेऊ नकोस. माझी जुनी .३०८ बोल्ट-अ‍ॅक्शन घे, स्कोप धरून आठ पाउंडांची. शनिवारी सकाळी सातला रेंजवर ये. बसून दहा, गुडघ्यावर दहा बार. आणि दर वेळी रायफलीत एकच काडतूस भरायचं.