अस्वलाचं नाक आधी, डोळे नंतर
अमेरिकेतल्या बोल्डर शहराजवळच्या जंगलात प्राण्यांचे आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यात 580 पैकी जवळपास 400 फोटो एकाच अस्वलाचे निघाले हे वाचून फार मस्त वाटलं! पण मला वाटतं त्याला फोटोचं काय, कॅमेऱ्याला माणसाच्या हाताचा वास असतो ना तोच हुंगायला येत असणार, अस्वलाचं नाक म्हणजे कुत्र्याच्याही वरचढ. आम्ही बडोद्याचे, रतनमहाल इथून काही तासांवर, 1982 पासून अस्वलांचं अभयारण्य आहे. तिकडे मोहाच्या झाडाजवळ उकरलेलं वारूळ बघितलं, कोपरापर्यंत हात जाईल एवढं खोल, कडेला नखांचे ताजे ओरखडे. आपल्या अस्वलाला वरचे मधले दोन दात नसतात, त्या फटीतून वाळवी सुर्रकन ओढतं. तिकडचेही असे क्लोजअप बघायला मिळाले पाहिजेत राव.