गोव्याची पोर्ट आणि तो फॉरवर्ड

फॅमिली ग्रुपवर फिरतंय की गोव्यात पोर्तुगीजांनी लावलेले द्राक्षमळे अजून आहेत आणि इथल्या दुकानातली पोर्ट वाईन म्हणजे पोर्तुगालचीच पोर्ट. नाही हो. इथे पाऊस वर्षाला ३००० मिमीच्या आसपास, हवा दमट, वेल टिकणार कुठे, द्राक्षं येतात ती घाटावरून. खरी पोर्ट पोर्तुगालच्या डोरो खोऱ्यातली, त्या भागाची हद्द १७५६ मध्येच आखलेली, आणि खुबी अशी की रस अर्धामुर्धा आंबला की त्यात द्राक्षाचीच जहाल दारू ओततात, मग रस आंबवणारं यीस्ट मरतं, साखर तशीच उरते आणि अल्कोहोल २० टक्क्यांच्या आसपास जातं. आपली बाटली फिरवून मागचं बारीक लेबल वाचा, आकडा बराच कमी दिसेल, ती गोड रेड वाईन, नाताळात केकबरोबर मस्त लागते, मी पण घेतो, पण ती पोर्ट नव्हे. आणि ताई, मळ्याची टूरच हवी तर नाशिकला जा, जानेवारी ते मार्च तोडणी असते. इथे एप्रिलात ये, काजूची बोंडं तुडवून रस काढतात आणि त्याची फेणी गाळतात ती भट्टी दाखवतो (फॉरवर्डवाल्याने फेणीलाही वाईन म्हटलंय, देवा!).