आमच्या पोरीचा जिल्हा कुठे गेला?

तिसरीतल्या माझ्या लेकीचा सामान्यज्ञानाचा पेपर आज घरी आला. प्रश्न होता, महाराष्ट्रात जिल्हे किती? तिने लिहिलं 36. त्यावर लाल काट आणि शेजारी ठसठशीत 35. एक मार्क गेला. बाईंना विचारायला गेली, तर "पुस्तिकेत दिलंय तेच लिहायचं" एवढंच. घरात शिरली ती पाठीवरचं दप्तरही न काढता मला विचारत, "आई, मग पालघर कुठे गेलं? आपण राहतो कुठे?"

आम्ही डहाणूला राहतो. 1 ऑगस्ट 2014 ला ठाण्यातून पालघर वेगळा झाला आणि ही पोर त्यानंतर जन्मली. तिने पाठ केलेलं उत्तर नव्हतंच ते. रोज शाळेत जाताना दुकानांच्या पाट्यांवर 'जि. पालघर' वाचते ती!

मी ती पुस्तिका उघडून बसले. झेरॉक्सवर झेरॉक्स काढून अक्षरं पुसट झालेली. वारली चित्रकला कोणत्या जिल्ह्यातली? उत्तर, ठाणे. अहो, पद्मश्री मिळालेल्या जिव्या सोमा म्हशांचं गंजाड आमच्याच तालुक्यात आहे! पुढे, भारताचा राष्ट्रीय खेळ हॉकी. असा कुठलाच खेळ जाहीर केलेला नाही, हे केंद्र सरकारने माहिती अधिकारात 2012 सालीच सांगून टाकलंय. पण मुलांनी हेच घोकायचं, कारण पुस्तिकेत दिलंय.

पाठांतर हवं, मान्य. पाढे काय, राजधान्या काय, पाठ असलेल्या बऱ्या. आणि बाईंवरही मला फार चिडायचं नाहीये. पन्नास मुलं, त्यात सरकारी माहित्या भरायच्या, पेपर तपासायला त्या रात्रीच बसत असणार. पण आठ वर्षांची मुलगी "मग आपण राहतो कुठे?" असं विचारते तेव्हा पेन क्षणभर थांबायला नको? तिने उद्धटपणा नव्हता केला, प्रश्न विचारला होता. सामान्यज्ञान त्याच्यासाठीच असतं ना?

त्या 36 मध्ये सांगण्यासारखं केवढं आहे! 1 मे 1960 ला राज्य झालं तेव्हा जिल्हे होते 26. मग सिंधुदुर्ग, जालना, लातूर, गडचिरोली, मुंबई उपनगर, वाशिम, नंदुरबार, हिंगोली, गोंदिया आणि शेवटी पालघर. दहा वाढले. का वाढले, हे तिला तिच्या आजोबांनी सांगितलं. कलेक्टर कचेरीत एक कागद द्यायचा तर पहाटेची गाडी पकडून दादर, तिथे उतरून सेंट्रलची लोकल, मग ठाणे. साहेब जागेवर नसले की तसंच परत. आम्हाला निदान रेल्वे तरी होती. मोखाडा-जव्हारच्या माणसाने काय करायचं? माणसांच्या या हेलपाट्यांमधून झालेला जिल्हा आहे हा. त्याच्यावर लाल काट मारलीय!

लिहिताना पुन्हा डोकं तापलं. असू दे. बाईंना उद्या शांतपणे भेटणार आहे. त्यांना दोष द्यायला नाही, पुस्तिका बदला म्हणायला. तुमच्याही मुलांच्या दप्तरात अशी पुस्तिका असेल तर आजच काढून बघा.

आजोबांचं ऐकून झाल्यावर लेक नकाशा घेऊन बसली. कोकणातले सात बोटांवर झाले, विदर्भात दोनदा चुकली, पुन्हा पहिल्यापासून मोजले. पेपर उद्या सही करून परत द्यायचाय. सही मी केलीय. मागच्या कोऱ्या पानावर तिने पेन्सिलीने छत्तीसच्या छत्तीस नावं लिहिलीत. पालघर पहिलं.