वीजपुरवठ्याचा मुद्दा निसटला

रास्पबेरी पाय हा छोटा संगणक आणि ओपनसीपीएन ही सागरी नकाशांची मोफत संगणकप्रणाली यांच्या आधारे शिडाच्या होडीवर कमी खर्चात नकाशायंत्र उभारता येते, हे लेखातील प्रतिपादन पटले. मात्र वीजपुरवठा एका ओळीत उरकायला नको होता. बेळगावला समुद्र नाही, तरी चोर्ला घाट उतरून गोव्यातील मित्राच्या होडीवर अशी जोडणी केली तेव्हा इंजिन सुरू करताना १२ व्होल्ट बॅटरीचा विद्युतदाब क्षणभर कोसळे, संगणक बंद पडे आणि अखेर मेमरी कार्डच बिघडले. (बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत यंत्रांचे नियंत्रक दुरुस्त करणाऱ्या मला हे आधीच सुचायला हवे होते.) शिवाय होडीवरील उपकरणे ज्या एनएमईए ०१८३ या मानकाने एकमेकांशी बोलतात, त्यात जीपीएसची माहिती सहसा ४८०० बॉडने (बॉड हे माहिती पाठवण्याच्या वेगाचे एकक), तर एआयएसची, म्हणजे जहाजे आपले स्थान कळवतात त्या यंत्रणेची, ३८४०० बॉडने येते, हा वेग जुळवला नाही, तर पडद्यावर आसपासची जहाजे दिसतच नाहीत.