मेरी मोफॅटचा संसार

आठवड्यातून एकदा तरी जमीन शेणानं सारवायची. धूळ बसते, पिसवा मरतात. वाक्य आपल्या आजीचं वाटेल, पण पत्रात हे माहेरी कळवलंय रॉबर्ट मोफॅट या मिशनऱ्याची बायको मेरी मोफॅट या इंग्रज बाईनं, दोनशे वर्षांपूर्वी दक्षिण आफ्रिकेतून. आधी तिनं ठरवलं होतं, हे काही मी करणार नाही. पुढं सारवलेल्या जमिनीकडं ती माहेरच्या घासून लख्ख केलेल्या दिवाणखान्याकडं पाहावं तशा समाधानानं पाहू लागली.

मिशनरी म्हटलं की आपल्याकडं चर्चा दोन मिनिटांत धर्मांतरावर येते आणि तिथंच अडकते. एकजण त्यांना संत ठरवतो, दुसरा साहेबाचे दलाल. मी ख्रिस्ती नाही आणि त्यांच्या वकिलीसाठीही हे लिहीत नाही. माझं म्हणणं एवढंच, की ज्याला आपण 'रॉबर्ट मोफॅटचं कार्य' म्हणतो तो दोघांचा संसार होता, आणि त्यातला निम्मा हिशेब कुणी मांडतच नाही.

रॉबर्ट स्कॉटलंडचा, पेशानं माळी. लंडन मिशनरी सोसायटीनं त्याला पाठवलं, १८१७ साली तो केपटाउनला उतरला. मेरी त्याच्या मालकाची मुलगी. घरच्यांनी मोडता घातला, अखेर तयार झाले, आणि १८१९ मध्ये ती एकटी जहाजानं आली. लग्न केपटाउनलाच झालं. मग कालाहारी वाळवंटाच्या कडेला, त्स्वाना लोकांत, कुरुमानला जवळजवळ अर्धशतक.

सुरुवातीची वर्षं वाईट गेली. बागेसाठी पाट काढला, तर वरच्या अंगाला बायका तो फोडून पाणी आपल्या शेतात घ्यायच्या. (पाटाच्या पाण्यावरून भांडण कुणाला चुकलंय!) पाऊस पडेना तेव्हा दोष या गोऱ्यांवर आला. भाले घेऊन माणसं दारात आली, चालते व्हा म्हणाली. रॉबर्टनं छाती उघडी करून सांगितलं, मारायचं तर मारा. ही गोष्ट सगळे रंगवून सांगतात. त्याच वेळी तान्हं मूल कडेवर घेऊन मेरी दारात उभी होती, ते मात्र ओझरतं येतं. माणसं परत गेली.

कुणी ख्रिस्ती व्हायला तयार नव्हतं तेव्हा इंग्लंडच्या मैत्रिणीनं विचारलं, काय पाठवू? मेरीनं प्रभुभोजनाचे, म्हणजे ख्रिस्ती झालेल्यांच्या विधीत लागणारे, प्याले मागवले. ते पोचले १८२९ मध्ये, पहिले बाप्तिस्मे झाले त्याच सुमारास. याला श्रद्धा म्हणा, हट्ट म्हणा. मला दोन्हीत फारसा फरक दिसत नाही.

रॉबर्ट भाषा शिकायला महिनोन्‌महिने वस्त्यांवर राहायचा, तेव्हा ठाणं ती सांभाळायची. दहा बाळंतपणं, त्यातली बहुतेक तिथल्याच वाऱ्यापाण्यात. १८५७ मध्ये कुरुमानच्या छापखान्यात त्स्वानांच्या सेत्स्वाना भाषेतलं संपूर्ण बायबल छापून झालं. भाषांतरकार म्हणून नाव रॉबर्टचं, आणि ते रास्तच आहे. पण तो ज्या घरात बसून लिहायचा ते घर चालवत कोण होतं?

थोरली मुलगी, तीही मेरीच, आफ्रिका पालथी घालणाऱ्या डेव्हिड लिव्हिंग्स्टन या मिशनऱ्याला दिली. जावयानं गरोदर बायकोला पोराबाळांसकट वाळवंटातून नेलं. १८५० मध्ये तान्ही मुलगी गेली. पुढच्याच वर्षी बायको पुन्हा गरोदर असताना तो पुन्हा निघाला, तेव्हा सासूबाईंनी पत्र लिहून त्याला चांगलंच फैलावर घेतलं. तो गेलाच. ही लेक १८६२ मध्ये झांबेझी नदीकाठी तापानं वारली. ज्या कामासाठी आईनं माहेर सोडलं, त्याच कामात मुलगी गेली. यावर 'त्याग' असा शिक्का मारून मोकळं होणं मला जमत नाही.

१८७० मध्ये दोघं इंग्लंडला परतले. काही महिन्यांत मेरी गेली. रॉबर्ट पुढं बारा वर्षं जगला.

रॉबर्टचं सगळंच मला पटतं असं नाही. त्स्वानांना धर्मकल्पनाच नाही, असं त्यानं लिहून ठेवलं, इतकी वर्षं त्यांच्यात राहून! उत्तरेकडच्या एन्देबेले लोकांचा राजा मझिलिकाझी याच्याशी त्याचा जिव्हाळा होता. त्या राजाचा मुलगा लोबेंगुला आणि मोफॅटांचा मुलगा जॉन यांच्यात १८८८ मध्ये ब्रिटिशांच्या वतीनं करार झाला, आणि तो मुलूख गिळणाऱ्या सेसिल ऱ्होड्स या ब्रिटिश भांडवलदाराचा रस्ता मोकळा झाला. आईवडील तेव्हा हयात नव्हते. तरी वाद घालायचाच तर मोफॅट घराण्याशी इथं घालावा. किती जणांना बाटवलं याच्या मोजदादीत मला रस नाही.