सगळा खेळ डोपामीनचाच? छे!

एक मजकूर सध्या जोरात फिरतोय: ‘उंदराला दारू दिली की तो मरेस्तोवर पितो. कारण एकच, डोपामीन हे मेंदूतलं रसायन. ते रोखलं की उंदीर पिणं सोडतो, म्हणजे माणसाची दारू सोडवणाऱ्या गोळीचंही जमलंच.’ तीन वाक्यं, तिन्ही घसरलेली.

‘मरेस्तोवर’ कुठून आलं कोण जाणे. प्रयोगशाळेत बेसुमार पिणं तपासायची रूढ रीत अशी: दिवे मालवून तीन तास झाले, उंदीर हुंदडायला लागले, की पाण्याची बाटली काढून २० टक्के अल्कोहोलची नळी लावायची. दोन तासांनी ती काढायची. चौथ्या दिवशी चार तास ठेवायची. मग थेंबभर रक्त घेऊन १०० मिलिलिटरमागे ८० मिलिग्रॅम अल्कोहोलची रेघ ओलांडली का ते बघायचं. एक बाटली रिकाम्या पिंजऱ्यालाही लावतात, नळीतून नुसतंच ठिबकलेलं वजा करायला. शिवाय उंदीर कुठला, हेही आलंच. सी५७बीएल/६ वाणाचा उंदीर मनसोक्त पितो. डीबीए/२ वाणाचा त्याच नळीकडे सहसा पाठ फिरवतो.

आता डोपामीन. दारूनं मेंदूच्या न्यूक्लियस अ‍ॅकम्बेन्स या सुखाची ओढ लावणाऱ्या भागात ते वाढतं, हे १९८८ मध्ये उंदरांच्या थोरल्या भावंडांत, म्हणजे रॅटमध्ये, दिसलं होतं. तेवढं खरं. पण १९९३ मध्ये त्याच भागातले डोपामीनचे तंतू रसायनानं नष्ट केले, तरी रॅट दारूसाठी कळ दाबतच राहिले! मग दुसरं काय काय आहे तिथे? दारू गाबा या शांतवणाऱ्या संदेशाला बळ देते, चेतवणाऱ्या ग्लुटामेटच्या एका रिसेप्टरला (संदेश टिपणाऱ्या प्रथिनाला) दाबते, शरीरातली अफूसारखी रसायनं मोकळी करते. ताणात सुटणारं सीआरएफ हे रसायन पिणं वाढवतं, तर न्यूरोपेप्टाइड वाय हे दुसरं रसायन त्याला आवर घालतं.

मला सगळ्यात बोलका वाटतो तो २०१८ मध्ये स्वीडनमधून आलेला प्रयोग. दारू प्यायला शिकलेल्या रॅटपुढे दुसरी कळ ठेवली: दाबली की सॅकरीनचं गोड पाणी. बहुतेक सगळे गोडाकडे वळले. दारूलाच चिकटून राहिले ते सुमारे १५ टक्के. त्यांच्या मेंदूतल्या अमिग्डाला या भावनांशी जोडलेल्या भागाच्या मध्यात गॅट-३ कमी होतं. हे प्रथिन पेशींबाहेर साचलेला गाबा उचलून नेतं, जणू झाडूवाला. मग संशोधकांनी गोडाकडे वळलेल्यांचं गॅट-३ मुद्दाम घटवलं, तर तेही दारूची कळ दाबायला लागले. ‘उंदराला दारू दिली की’ या वाक्यात हे ८५ टक्के बसवायचे कुठे?

राहिली गोळी. सीआरएफचा रिसेप्टर अडवला की उंदरांचं बेसुमार पिणं घटतं, हे वारंवार दिसलंय. तशी दोन औषधं, पेक्सासरफॉन्ट आणि व्हेरुसरफॉन्ट, व्यसन जडलेल्या माणसांवर तपासली. २०१५ आणि २०१६ मध्ये निकाल आले. पिण्याची ओढ काही कमी झाली नाही. याउलट अफूच्या रिसेप्टरला अडवणारं नाल्ट्रेक्सोन प्राण्यांतही चाललं आणि माणसांतही. अमेरिकेत १९९४ पासून दारूच्या व्यसनासाठी त्याला मान्यता आहे. उपयोग होतो, पण सगळ्यांना नाही. आणि मजकुरात ज्याचा एवढा गाजावाजा आहे, त्या डोपामीनच्या रिसेप्टरवर ते बसतच नाही.